दादेची जागा

प्रश्न असा आहे: "ख्यालाच्या मैफलीत गाणं चालू असताना 'वा' म्हटलं तर गायक खूश होतो. नाटकात तसंच केलं तर शेजारचे डोळे वटारतात. लावणीला शिट्टी चालते, कीर्तनात चालत नाही. आणि मुंबईत एनसीपीएला पाश्चात्त्य वाद्यवृंद ऐकायला गेलो, तिथं मधेच टाळी वाजवली म्हणून ओशाळायची वेळ आली. मग सभागृहात वावगं वागणं म्हणजे नेमकं काय, आणि ते ओळखायचं कशावरून?"

आवाज किती मोठा आहे यावरून ते ठरतं, हे आधी डोक्यातून काढा. फेटे उडवणारं पब्लिक योग्य असू शकतं आणि नुसता चुळबुळणारा माणूस अख्खा अंक नासवू शकतो. गाणाऱ्याच्या भाषेत 'जागा' हा शब्द आहे, म्हणजे गाताना साधलेली एखादी नेमकी सुरावट. अमुक ठिकाणी काय सुंदर जागा घेतली, असं आपण म्हणतो. तशी प्रत्येक प्रयोगात श्रोत्यासाठीही एक जागा राखलेली असते. कलाकार तिथं क्षणभर थांबतो, श्वास घेतो किंवा तुमच्याकडे बघतो. त्या जागेत तुम्ही आलात तर ती दाद. ती चुकवून आलात तर तोच आवाज खोडा होतो. ही जागा प्रत्येक कलेत वेगळीकडे असते, म्हणून नियम वेगळे वाटतात.

ख्यालापासून सुरुवात करू, कारण तिथं ही जागा सगळ्यांत स्पष्ट दिसते. विलंबित, म्हणजे संथ लयीतला, एकताल बारा मात्रांचा, म्हणजे बारा ठोक्यांचा. अतिविलंबितात एक मात्रा चार-पाच सेकंदांची होते, म्हणजे तालाचा एक फेरा, एक आवर्तन, मिनिटभराच्या आसपास जातं. ते मिनिट गायक जे काही रचतो ते मुखडा, म्हणजे बंदिशीच्या पहिल्या ओळीचा तुकडा, घेऊन समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, आणून सोडतो. सम आली की माना हलतात, कुठून तरी 'हं' येतो, दोन-चार 'वा' उमटतात. गायकाला त्यातून कळतं की लोक सोबत चालले आहेत. तो पुढच्या आवर्तनात किती धाडस करायचं हेही बऱ्याचदा त्यावर ठरवतो. द्रुत, म्हणजे जलद, तीनतालात तेच चक्र चार सेकंदांत फिरतं, तिथं प्रत्येक समेला 'वा' म्हणायला गेलात तर तुम्ही दुसरा तबलजी व्हाल.

तेव्हा ख्यालातली दाद समेवर, किंवा एखादी अवघड जागा निभावून गायक श्वास घेतो तिथं. लांबी एका श्वासाएवढी. सुरुवातीला षड्ज लावून राग उलगडत असताना, किंवा मींड एका स्वरावरून दुसऱ्यावर सरकत असताना मधे आवाज नको. तो स्वर अजून पोचायचा असतो. आणि एकाच घशातून दर दोन मिनिटांनी "क्या बात है" येऊ लागलं की आसपासचे लोक गाण्याऐवजी त्या घशाची वाट बघू लागतात. अशा श्रोत्याची दाद मंचाकडे जात नाही, डावी-उजवीकडे जाते. शेजाऱ्याला रागाचं नाव सांगण्याची हौस याच जातीची. "मारुबिहागच ना?" हे कुजबुजून विचारलं तरी शांत सभागृहात स, श, च हे वर्ण तीन ओळी पुढे टोचतात. विचारायचंच असेल तर बंदिश संपल्यावर विचारा. राग तोवर कुठे पळून जात नाही.

तबल्याला होणारी चूक वेगळी. तिहाई म्हणजे एक बोल तीनदा वाजवून समेवर येणं, हे बहुतेकांना माहीत असतं. चक्रदारात मात्र शेवटी तिहाई असलेली अख्खी रचनाच तीनदा वाजते. पहिल्या पल्ल्याची तिहाई संपली की अर्धं सभागृह टाळ्यांचा कडकडाट करतं आणि वादकाला पुढचे दोन पल्ले त्या गोंगाटातून न्यावे लागतात. शंका असेल तर लेहरा, म्हणजे फिरून फिरून येणारी एकच धून, धरणाऱ्याकडे, म्हणजे हार्मोनियम किंवा सारंगीकडे कान ठेवा. त्याची धून पहिल्या स्वरावर परत येते ती सम. तबला आणि लेहरा एकत्र उतरले की टाळी.

आता अभंग किंवा नाट्यपद सुरू झाल्यावर ठेका धरून टाळ्या वाजवण्याबद्दल. लोकांना वाटतं आपण साथ करतोय. हिशेब करून बघा. आवाज सेकंदाला साधारण 340 मीटर जातो. मंचापासून 30 मीटरवर बसलेल्याला तबल्याचा ठोका जवळजवळ 0.09 सेकंद उशिरा ऐकू येतो, आणि त्याची टाळी मंचावर परत यायला आणखी तेवढाच वेळ जातो. लय मिनिटाला 120 मात्रांची असेल तर मात्रा अर्ध्या सेकंदाची. म्हणजे शेवटच्या ओळीची टाळी गायकाला मात्रेच्या तिसऱ्या हिश्शाहून जास्त उशिरा पोचते, आणि पुढच्या ओळींची वेळेवर. दोन्हींचा मिळून चिखल होतो. भरीला उत्साहात टाळीची लय चढत जाते आणि तबलजीला ती ओढून धरावी लागते. गायकानं स्वतः हात वर करून बोलावलं तर जरूर वाजवा, त्यानं हात खाली घेतला की थांबा. न बोलावता वाजवली तर साथ होत नाही, उपद्रव होतो.

वाद्यं जुळवताना टाळ्या पडतात तो मात्र निव्वळ अनोळखीपणा. 1 ऑगस्ट 1971 रोजी न्यू यॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये बांगलादेशासाठी झालेल्या कार्यक्रमात पंडित रविशंकर आणि उस्ताद अली अकबर खाँ यांनी वाद्यं जुळवली, आणि लोकांनी त्यालाच टाळ्या दिल्या. जुळवणीच इतकी आवडली असेल तर वादन आणखी आवडेल अशी आशा आहे, अशा अर्थाचं काहीसं रविशंकर हसत म्हणाले. आपल्याकडे उलट होतं. तानपुरे लागत असताना लोक मोठमोठ्यानं गप्पा मारतात. हेही तितकंच वाईट, कारण गायक त्या वेळी खर्ज-पंचमातला केसाएवढा फरक ऐकत असतो.

उशिरा आलात तर दाराशी उभं राहा. एक राग पाऊण तास ते सव्वा तास चालू शकतो, याची तयारी ठेवा. विलंबित संपून द्रुत सुरू होण्याआधी पाच-दहा सेकंदांची फट मिळते. तेवढ्यात कडेची खुर्ची गाठता येत असेल तरच आत या, मधल्या खुर्चीसाठी नाही. भारतीय बैठकीत बिछायतीबाहेर चपला काढायच्या, मंचाकडे पाय पसरायचे नाहीत, आणि जायचंच असेल तर कडेनं, वाकून जायचं. गुडघे दुखत असतील तर आधीच मागे किंवा खांबाला टेकून बसावं. कोणी काही म्हणत नाही.

फर्माईश ओरडून करू नये. गायक पूरिया रागात बुडालेला असताना मागून अभंगाचं नाव ऐकू आलं की त्याला एकाच वेळी राग सांभाळायचा असतो आणि चेहराही. मध्यंतरात चिठ्ठी लिहून संयोजकाकडे द्या, एकच चीज लिहा, आणि वेळेचं भान ठेवा. संध्याकाळच्या बैठकीत तोडीसारखा सकाळचा राग मागणाऱ्याची चिठ्ठी बाजूला पडते ती उगीच नाही.

नाटकाकडे वळलं की जागा हलते. ख्यालात कलाकार तुमच्या समोर तो स्वतः म्हणून बसलेला असतो. गद्य नाटकात तो दुसरा कोणी तरी असतो आणि तुम्ही तिथं नाहीच असं धरून वागत असतो. म्हणून तुमच्यासाठी ठेवलेल्या जागा थोड्या: हशा, अंकाचा पडदा, शेवटचा नमस्कार. हशाची जागा नट फार बारकाईनं सांभाळतो. हसू शिगेला पोचून उतरू लागलं की तो पुढचं वाक्य टाकतो. पूर्ण थांबण्याची वाट बघत नाही, नाही तर प्रयोग ढेपाळतो. अशा वेळी सगळे शांत झाल्यावरही एकटाच हसत राहणारा पुढच्या दोन ओळी खातो. त्याहून त्रासदायक म्हणजे चौथ्यांदा नाटक बघायला आलेला, जो टाळीचं वाक्य नटाच्या आधी बोलून मोकळा होतो. बायकोला आपली पाठांतरशक्ती दाखवायची असेल तर घरी दाखवावी.

लोकप्रिय नटाच्या पहिल्या प्रवेशाला टाळी पडते ती विनोदी नाटकात खपून जाते, कारण नटही तिची वाट पाहत घटकाभर थांबतो. गंभीर नाटकात नट न थांबता चालत राहिला तर समजा, इथं जागा ठेवलेली नाही.

गंमत अशी की याच रंगभूमीवर एकेकाळी अगदी उलट रिवाज होता. अण्णासाहेब किर्लोस्करांचं संगीत शाकुंतल 1880 साली आलं, सौभद्र 1882 साली, आणि पुढे बालगंधर्वांच्या काळात पदाला 'वन्स मोअर' मागणं हा प्रेक्षकाचा हक्कच झाला. नायिका प्रसंगात रडवेली असली तरी प्रेक्षकांनी ओरडून मागितलं की पद पुन्हा व्हायचं, पुन्हा नव्या ताना यायच्या, आणि कोणाला ते वावगं वाटायचं नाही. नाटक पदासाठी थांबायला तयार होतं, म्हणून ओरडण्याला जागा होती. आजही जुन्या संगीत नाटकाच्या प्रयोगाला 'वन्स मोअर' देऊन बघा, साथीदार पुन्हा सूर धरतील. गद्य नाटकात तोच शब्द उच्चारणं वेडेपणाचं.

तिसरी घंटा झाली की आत असावं, हे शिवाजी मंदिरपासून गडकरी रंगायतनपर्यंत कुठेही सारखंच. उशीर झाला तर पहिल्या अंधाराची वाट पाहावी. पण त्या अंधारात मोबाइलचा टॉर्च पेटवून खुर्चीचा नंबर शोधू नये. प्रवेश बदलतो त्या काही सेकंदांत विंगेतली माणसं टेबल-खुर्च्या उचलून पळत असतात आणि नट अंदाजानं जागेवर येत असतात. अंधाराला सरावलेल्या डोळ्यांवर प्रकाश पडला की पुन्हा सरावायला वेळ लागतो, आणि तेवढ्यात कोणी तरी पायरीवर अडखळतं. द्वारपालाकडे बॅटरी असते, तो ती जमिनीकडे धरतो. त्याच्या मागून जा.

मोबाइलबद्दल लोकांना वाटतं की 'सायलेंट' केलं म्हणजे संपलं. नाही. बहुतेक फोनमध्ये सायलेंट असतानाही आणि विमान-मोड लावलेला असतानाही गजर वाजतो. रात्री नऊचा गोळीचा गजर हा नाट्यगृहातला नेहमीचा पाहुणा आहे. व्हायब्रेशनवरचा फोन लाकडी हातावर किंवा पर्समधल्या चाव्यांना टेकलेला असेल तर चार खुर्च्यांपर्यंत गुरगुरतो. मंचाच्या पुढच्या कडेला माइक असतात, त्यामुळे पहिल्या दोन-तीन ओळींतला आवाज स्पीकरमधूनही येऊ शकतो. म्हणून फोन पूर्ण बंद करा. मनगटावरचं घड्याळ हात हलवला की उजळत असेल तर त्याचा थिएटर-मोड लावा किंवा ते खिशात टाका. डॉक्टरसारखा जबाबदारीचा माणूस असाल तर कडेची खुर्ची घ्या, फोन व्हायब्रेशनवर हातात धरा, आणि बाहेर गेल्यावरच 'हॅलो' म्हणा. खुर्चीतच वाकून, तोंडावर हात धरून "नाटकात आहे, नंतर करतो" हे सांगणारा माणूस आपण सभ्य वागलो असं मनापासून समजत असतो.

चित्रीकरणाबाबत थोडा कायदा. कॉपीराइट कायदा, 1957 प्रमाणे कलाकाराला प्रयोगावर स्वतंत्र हक्क असतो, तो 50 वर्षं टिकतो. निव्वळ स्वतःपुरतं मुद्रण केलं तर या हक्काचा भंग होत नाही, असं कलम 39 म्हणतं. तेच समाजमाध्यमावर टाकलं की ते 'स्वतःपुरतं' राहत नाही. शिवाय सभागृहाची किंवा संयोजकांची मनाई असेल तर तिकीट घेताना ती तुम्ही मान्य केलेली असते. आणि कायदा बाजूला ठेवला तरी, डोक्याच्या वर धरलेला पडदा मागच्या पाच-सहा जणांच्या तिकिटाचे पैसे वाया घालवतो.

लावणी आणि तमाशात श्रोत्याला सगळ्यांत मोठी जागा दिलेली असते. बतावणीत, म्हणजे तमाशातल्या विनोदी संवादांत, सोंगाड्या पब्लिकला उचकवतोच, मागून आलेल्या शेऱ्याला तिथल्या तिथे उत्तर देतो. तिथं मख्खासारखं गप्प बसणं हाच अपमान. वग रंगात आला की मात्र शेरे थांबवावेत, तिथं गोष्ट चालू असते. ढोलकीच्या तोड्यावर, घुंगरांच्या उठावावर शिट्टी येते ती त्या कसबाला असते. बैठकीच्या लावणीत कलावंत बसून, डोळ्यांनी आणि बोटांनी एकेका ओळीची अदा करते. तिथं शिट्टी म्हणजे चहाच्या कपात धोंडा. तिथं 'वा' किंवा नुसतं 'हाय' पुरतं.

गाडी घसरते कुठे? दाद अदेवरून बाईवर गेली की. नृत्य थांबल्यावर वाजणारी शिट्टी, नाव घेऊन मारलेली हाक, मंचाच्या कडेला येऊन जवळून केलेलं चित्रीकरण, यांतल्या एकाचाही लावणीशी संबंध नाही. "ती लावणीच करते, मग काय झालं" हे म्हणणं बिनबुडाचं. अदा ही भूमिका आहे, परवानगी नाही. स्त्रीच्या विनयशीलतेचा अपमान करण्याच्या हेतूनं केलेल्या शब्द, हावभाव किंवा कृतीसाठी भारतीय न्याय संहितेच्या कलम 79 खाली तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, आणि मंचावरच्या बाईला हे कलम लागू नाही असं कुठेही लिहिलेलं नाही. दौलतजादा, म्हणजे खूश होऊन कलावंताला पैसे देणं, हा लावणी सादर करणाऱ्या संगीतबारीतला जुना रिवाज आहे, पण पैसे द्यायचे असतात: पुढे करून, मधल्या माणसाकडून किंवा तबकात. अंगावर भिरकावायचे नसतात, हातात देताना हात धरायचा नसतो. देणं आणि उधळणं यांतला हा फरक कायद्यानंही मानला आहे. डान्सबारसाठी महाराष्ट्रानं 2016 साली केलेल्या कायद्यावरच्या 2019 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं नोटा उधळण्यावरची बंदी कायम ठेवली, बक्षिशी द्यायला हरकत घेतली नाही.

कीर्तनात टाळी वाजते, पण ती नामाच्या ठेक्याची. कीर्तनकाराच्या कोटीला हसावं, "पुंडलिक वरदे" म्हटल्यावर "हरी विठ्ठल" जोरात म्हणावं, शिट्टी नको आणि 'वन्स मोअर' तर नकोच. नारदीय कीर्तनात उठायचंच असेल तर पूर्वरंग, म्हणजे निरूपणाचा पहिला भाग, संपून हार-बुक्का होतो तेव्हा उठा, आख्यान सुरू झाल्यावर नको. श्रद्धांजली सभेत कोणी कितीही सुंदर गायलं तरी टाळी नाही. तरी सवयीनं हात जुळतात. त्यावर उपाय सूत्रसंचालकाकडे आहे: आधीच सांगायचं, आणि भजनाचा शेवटचा सूर विरता विरता पुढच्या वक्त्याचं नाव घ्यायचं, मधे रिकामी जागा सोडायचीच नाही.

एनसीपीएला जे झालं त्याचं फार मनाला लावून घेऊ नका. सिंफनीचे, म्हणजे वाद्यवृंदाच्या मोठ्या रचनेचे, बहुधा चार भाग असतात, कंचेर्टोचे, म्हणजे एका मुख्य वाद्याला वाद्यवृंदाची जोड असलेल्या रचनेचे, तीन, आणि मधल्या थांब्यांत आता टाळी वाजवत नाहीत. छापील कार्यक्रमपत्रिकेत भाग दिलेले असतात. मोजता आले नाहीत तर वाद्यवृंदाचा संचालक हात पूर्ण खाली घेऊन प्रेक्षकांकडे वळेपर्यंत थांबा. ही शिस्तही काही अनादी नाही. मोझार्टनं 1778 साली पॅरिसहून वडिलांना पत्र लिहिलं, त्यात आपल्या सिंफनीत भाग चालू असतानाच लोकांनी टाळ्या वाजवल्या हे त्यानं खुशीत कळवलं आहे. ती जागा त्यानं मुद्दाम टाळीसाठीच लिहिली होती.

शेजारी त्रास देत असेल तर? 'शूऽऽ' करू नका, तो आवाज मूळ कुजबुजीपेक्षा लांब जातो. हात किंचित वर करून तळवा खाली दाखवा. दोनदा भागलं नाही तर मध्यंतरात द्वारपालाला ओळ आणि खुर्ची क्रमांक सांगा. त्याला आत येऊन माणूस शोधत बसायला लावू नका. लहान मूल रडलं तर आईनं अवघडून बसून राहू नये आणि कोणी तिच्याकडे रागानं बघू नये. पहिल्या रडण्याला उठून बाहेर जाता येईल अशी दाराजवळची खुर्ची आधीच घेतलेली असली की प्रश्न मिटतो. खोकला कोणाच्या हातात नसतो, पण खडीसाखर कागदात गुंडाळून आणू नये. खोकला एकदाच येतो, कागद अर्धा मिनिट चुरचुरतो.

भैरवी झाली की मैफल संपली. त्यानंतर आणखी काही मागणं गायकाला आणि संयोजकाला दोघांनाही पेचात टाकतं. 1953 साली पंडित भीमसेन जोशींनी सुरू केलेला सवाई गंधर्व महोत्सव पूर्वी रात्रभर चाले. आता उघड्या मंडपात रात्री 10 ते सकाळी 6 ध्वनिक्षेपक बंद ठेवावे लागतात, हे 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी ठरवलं आहे, आणि राज्य सरकार वर्षातले जास्तीत जास्त 15 दिवस ती मर्यादा मध्यरात्रीपर्यंत वाढवू शकतं. बंद सभागृहाला ती मर्यादा नसली तरी भाड्याचं सत्र ठरलेलं असतं. पावणेदहाला "अजून एक" ओरडणाऱ्याला हे माहीत नसतं, समोर घड्याळाकडे बघणाऱ्या संयोजकाला असतं. आणि पडदा पडल्या पडल्या सेल्फीसाठी मंचावर चढू नका. तानपुरे अजून आडवे ठेवलेले असतात, गवसणीत गेलेले नसतात. भोपळ्याला पाय लागला तर तडा जातो, आणि वाद्य दुरुस्तीला मिरजेला पाठवावं लागतं.